पऱ्हाटी कोणाची?

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने एक फर्मान काढले. देशातील कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांनी शेतीच्या अवशेषांपासून बनविलेल्या गोळ्या शेकडा पाच या प्रमाणात कोळशात मिसळून जाळाव्यात आणि पुढे हे प्रमाण सातवर न्यावे, असा त्याचा मथितार्थ. जून २०२३ मध्ये मुदती बदलल्या. पाच टक्क्यांसाठी २०२४-२५ आणि सात टक्क्यांसाठी २०२५-२६ ही आर्थिक वर्षे नेमून देण्यात आली. टक्केवारीत आणि मुदतीत असे फेरफार होत राहतील. धोरणाची दिशा मात्र ठरून गेली आहे. दिल्लीच्या हिवाळ्यात पंजाब-हरियाणातील भाताची खुंटे जाळल्याने जो धूर दाटतो, त्यावरचा एक उतारा म्हणून ही कल्पना पुढे आली आणि एनटीपीसीच्या दादरी केंद्रात २०१७ साली तिचा प्रयोग झाला. दादरीच्या मापाने बेतलेला हा अंगरखा आता कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा अशा साऱ्यांच्याच अंगावर चढवायचा आहे. तो विदर्भाच्या अंगाला बसतो की नाही, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.

सरकारी भाषेत या जळणाला ‘बायोमास’ असे भारदस्त नाव आहे. नागपूर-वर्धा-यवतमाळकडे बायोमास म्हणजे मुख्यतः पऱ्हाटी, म्हणजे वेचा संपल्यावर शेतात उभे राहिलेले कपाशीचे वाळके झाड. त्याखालोखाल तुराटी आणि सोयाबीनचे कुटार. वैनगंगेच्या बाजूला भंडारा-गोंदियात धानाचा कोंडा आणि तणस. या सगळ्यांना धोरणाच्या कागदात ‘अवशेष’, ‘टाकाऊ’, ‘अतिरिक्त’ अशी विशेषणे लावलेली असतात. आमचा पहिला आक्षेप या विशेषणांवरच आहे. जी वस्तू सरकारला टाकाऊ वाटते, ती गावात कोणी टाकून देते काय, हा प्रश्न गावात जाऊन विचारावा लागतो. मंत्रालयातील नकाशावर त्याचे उत्तर सापडत नाही.

कापसाचा शेवटचा वेचा संपला की पऱ्हाटी उपटायची असते. अनेक गावांत हे काम भूमिहीन मजूर कुटुंबे, त्यातही स्त्रिया, चिमट्याने किंवा हाताने करतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा मोबदला रोकड पैशात न देता पऱ्हाटीतच दिला जातो. उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून घरी न्यायच्या. पावसाळाभर पुरेल एवढे सरपण झोपडीच्या मागे रचून ठेवायचे. हा कोणत्याही कायद्यात लिहिलेला हक्क नाही. सात-बारावर त्याची नोंद नाही, रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाही आणि धोरणाच्या मसुद्यात तर नाहीच. तरीही ज्या घराकडे एक गुंठाही जमीन नाही, त्या घराला गावच्या शेतीतून मिळणारा हा वाटा आहे. चुलीला रोज पाच-सहा किलो जळण लागते असे धरले, तर एका कुटुंबाला वर्षाला दोन टनांच्या आसपास पऱ्हाटी लागते. ती उद्या विकत घ्यावी लागली तर तो खर्च कुठून भागवायचा, याचा हिशेब कोणत्याही अहवालात आढळत नाही.

‘उज्ज्वला’ योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, घरोघर गॅस पोचला, मग चुलीचा प्रश्न उरलाच कुठे, असे कोणी म्हणेल. गॅसची जोडणी पोचली हे खरे आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि टाकी पुन्हा भरून आणणे वेगळे. २०२२-२३ मध्ये सिलिंडरची किंमत हजार रुपयांच्या वर गेली, तेव्हा ज्यांच्या घरी शेगडी होती त्यांनीही ती झाकून ठेवली आणि चूल पेटवली. चहा गॅसवर आणि भाकरी-डाळ चुलीवर, ही विदर्भातल्या मजूर वस्तीतील आजची सर्रास व्यवस्था आहे. पऱ्हाटी टाकाऊ ठरविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पऱ्हाटी शेतातच जळते, हा सरकारपक्षाचा युक्तिवाद आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. मजूर मिळत नाहीत, घाई असते, म्हणून अनेक शेतकरी ती धुऱ्यावर ढीग करून पेटवून देतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचा जो विध्वंस केला, तो आपले कार्यकर्ते विसरले नसतील. ही अळी वाळलेल्या बोंडांत आणि धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीत दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर पडते. म्हणून डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीत पीक संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढा आणि तिची विल्हेवाट लावा, असे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे. तेव्हा पऱ्हाटी वेळेवर उचलली जावी, तिला दाम मिळावा आणि तिचा धूर शेतात व घरात कोंडू नये, हे आम्हालाही हवेच आहे. जाळू नका असे आम्ही म्हणत नाही. कुठे जाळायची, कोणासाठी जाळायची आणि जाळण्याआधी ती कोणाच्या मालकीची होती, यावर आमचे भांडण आहे.

थोडा हिशेब मांडू. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. ते सरासरी भारावर चालले तरी दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे रोज एक हजार टन गोळ्या, वर्षाला साडेतीन लाख टन. कोरडवाहू कपाशीच्या एका हेक्टरातून अंदाजे दोन टन वाळलेली पऱ्हाटी निघते. म्हणजे एकट्या कोराडीच्या तीन संचांची ही पाच टक्क्यांची भूक भागवायला पावणेदोन लाख हेक्टरांवरील पऱ्हाटी लागेल, काडीही मागे न ठेवता. नागपूर जिल्ह्यातील कपाशीचे सारे क्षेत्रच दोन लाख हेक्टरांच्या आसपास आहे! यात खापरखेड्याचे १३४० मेगावॉट, मौद्याचे २३२०, चंद्रपूरचे २९२० आणि तिरोड्याचे ३३०० मेगावॉट धरलेलेच नाहीत. एवढी पऱ्हाटी कोठून येणार? ती उपटणाऱ्या बाईच्या मोळीतून येणार, गुरांच्या कुटारातून आणि तणसातून येणार आणि एवढ्याने भागले नाही तर झुडपी जंगलातून येणार. बाजारात भाव चढला की ठेकेदाराची गाडी शेताच्या सीमेपाशी थांबत नाही, हे विदर्भातील माणसाला कोणी शिकवायला नको. आणि वर काढलेले साडेतीन लाख टन म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिले तर पावणेदोन लाख कुटुंबांच्या चुलीचे वर्षभराचे जळण.

बरे, या बदल्यात कोराडी-नांदगाव-वारेगाव-खसाळ्याच्या माणसाला काय मिळणार? १९७४ साली कोराडीचा पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून या गावांनी नागपूरच्या आणि मुंबई-पुण्याच्या दिव्यांसाठी राख खाल्ली आहे. आपल्याकडच्या कोळशात शेकडा तीस ते चाळीस राख असते. शंभर टन कोळशातील पाच टन काढून त्याजागी पऱ्हाटी घातली, तर राख फार तर वीसावा हिस्सा कमी होईल, उरलेले एकोणीस हिस्से पूर्ववत. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा लगदा शेतांतून व नाल्यांतून नदीत गेला, तो पाच टक्क्यांनी कमी गेला असता एवढेच. गंधकाचा प्रश्न याहून बोलका आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने चिमणीतून सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांत ती पाळावी असे सांगितले. त्या मुदतीला वाढीवर वाढ मिळत गेली. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसविण्यातून सूटच देऊन टाकली आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरांच्या आत असलेल्या केंद्रांना डिसेंबर २०२७ पर्यंतची मुदत दिली. पऱ्हाटीत गंधक फार कमी असते हे खरे. पण ज्या सरकारला चिमणीतील गंधक दहा-बारा वर्षांत काढविता येत नाही, त्याने पाच टक्के पऱ्हाटी घालून ‘स्वच्छ वीज’ म्हणून पाठ थोपटून घ्यावी, याला काय म्हणावे? याच काळात कोराडीत आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणीही उरकण्यात आली. पाच टक्के हिरवे आणि त्याच्या आडोशाला पंचाण्णव टक्के काळे, असा हा व्यवहार आहे.

या बाबतीत विदर्भाच्या गाठीशी थोडा अनुभवही आहे, तो विसरला गेला म्हणून सांगितला पाहिजे. ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने बायोमासवरील विजेचा दर ठरवून दिला. त्यानंतर पूर्व विदर्भात कोंडा आणि पऱ्हाटी-तुराटी जाळून आठ-दहा मेगावॉट वीज करणारी खाजगी केंद्रे उभी राहू लागली. नागपूर, चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोलीतले देसाईगंज अशा ठिकाणी चिमण्या दिसू लागल्या. कल्पना वाईट नव्हती. परंतु दहा मेगावॉटच्या केंद्राला वर्षाला ऐंशी हजार ते लाखभर टन जळण लागते, आणि ते चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या टापूतून गोळा झाले तरच परवडते. कोंडा जोवर राइस मिलच्या दारात पडून होता तोवर गणित जुळले. एका टन धानातून दोनशे किलो कोंडा निघतो. त्याला गिऱ्हाईक आले की भाव चढला. भाव चढला तसा वीजदर अपुरा पडू लागला. नियमाने अशा केंद्रांना काही काळ पंधरा टक्क्यांपर्यंत कोळसा जाळण्याची मुभा होती. कोळसा घालून ‘हरित’ वीज करण्याचा हा आजच्या उलट प्रकार! पुढे अनेक केंद्रे वर्षाचे कित्येक महिने बंद राहू लागली, काही कायमची थंडावली. मालकांनी आयोगाकडे दर वाढवून मागितले, आयोगाने काही वेळा वाढवून दिलेही. या साऱ्या वादात गावातून जळण गोळा करणाऱ्या माणसाची बाजू मांडायला कोणी उभे राहिल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही. आपणही राहिलो नाही.

आता जे धोरण येत आहे, त्यात मालकाला तेवढीही झळ बसणार नाही. गोळ्या कोळशापेक्षा महाग पडल्या तर तो वाढीव खर्च विजेच्या इंधन आकारात घालून पुढे ढकलण्याची तरतूद धोरणातच आहे. म्हणजे गोळ्यांचा कारखानदार सुरक्षित, वाहतूकदार सुरक्षित, वीजकंपनी सुरक्षित. किंमत भरायची ग्राहकाने, आणि सरपण गमवायचे मजुराने. शेतकऱ्याला टनामागे काही रुपये मिळतील, हे नाकारता येत नाही. कापसाच्या भावाने पिचलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ते थोडेही नाहीत. म्हणूनच आपल्यातील काही साथी या धोरणाचे स्वागत करतात. शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर समाजवाद्यांनी आडवे का यावे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्या पक्षाने शेतकरी आणि शेतमजूर यांची एकजूट हे आपले ब्रीद मानले, त्याला शेतकऱ्याच्या चार पैशांसाठी मजुराच्या चुलीतले लाकूड विकायला सांगता येणार नाही. दोघांचाही वाटा राहील अशी व्यवस्था काढणे, हेच आपले काम आहे. ती निघू शकते.

ती सांगण्यापूर्वी परदेशातील एक दाखला. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्स नावाचे मोठे कोळसा वीजकेंद्र होते. ते टप्प्याटप्प्याने लाकडाच्या गोळ्यांवर आणले गेले. गोळ्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅनडातून जहाजाने येतात आणि या विजेसाठी ब्रिटिश ग्राहकाच्या बिलातून अब्जावधी पौंडांचे अनुदान दिले गेले. झाड पुन्हा वाढते, म्हणून जाळलेल्या लाकडाचा कार्बन हिशेबात शून्य, असा त्यामागचा नियम. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीबीसीने कॅनडातील जुन्या नैसर्गिक जंगलातील लाकूड या कामी जात असल्याचे दाखविले, तेव्हा शून्याचा अर्थ लोकांना कळला. झाड जाळायला घटकाभर लागते, ते पुन्हा उभे राहायला पन्नास-शंभर वर्षे. पऱ्हाटीचे तसे नाही. तिचा कार्बन वर्षभरापूर्वी हवेतूनच आलेला असतो आणि शेतात कुजली तरी त्याचा बराच भाग हवेतच परत जातो. म्हणून वार्षिक पिकाचे अवशेष आणि जंगलाचे लाकूड या दोहोंना एकाच ‘बायोमास’ शब्दात कोंबणे ही निव्वळ लबाडी आहे. उलट पऱ्हाटीचा थोडा हिस्सा बारीक करून जमिनीत गाडला गेला पाहिजे, हेही विसरता कामा नये. विदर्भाच्या काळ्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब आधीच खालावलेला आहे.

जंगलाचा विषय निघाला म्हणून बांबूबद्दल दोन शब्द. गेल्या काही वर्षांत राज्यातील औष्णिक केंद्रांत बांबू जाळावा, असा आग्रह सरकारदरबारी धरला जात आहे. शेतकऱ्याने आपल्या पडीक रानात बांबू लावून विकला तर आमची हरकत नाही. २०१७ साली जंगलाबाहेरील बांबूला वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळल्यामुळे तो मोकळाही झाला आहे. गडचिरोलीची गोष्ट निराळी. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना हातात पडायला एप्रिल २०११ उजाडावे लागले. केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले, तेव्हा कुठे वनखात्याचा हात सैल झाला. पिढ्यान्‌पिढ्या कागदाच्या गिरणीला बांबू मिळत राहिला आणि सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला मात्र तो मागत हिंडावे लागले, हा इतिहास आहे. इतक्या कष्टाने मिळविलेला बांबू चुऱ्याच्या भावाने बॉयलरमध्ये जावा, याहून मोठी नासाडी नाही. बांबूचा तो सर्वांत हलका उपयोग आहे.

आता व्यवस्थेचा प्रश्न. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी ज्या काळात ग्रामोद्योगांची मांडणी केली, त्या काळी ‘बायोमास’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. कोळसा आणि तेल हा साठा आहे, तो उपसला की संपतो आणि साठ्यासाठी राष्ट्रे भांडतात; लाकूड-काडी हा वाहता झरा आहे, त्यावर चालणारी अर्थव्यवस्था टिकते, अशी त्यांची विभागणी होती. त्या वाहत्या झऱ्याला साठ्याच्या यंत्राशी जुंपण्याचा उद्योग आज चालला आहे. १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. भांडवलशाहीचे महाकाय यंत्र जसेच्या तसे उचलून समाजवाद येत नाही, हे त्यांचे म्हणणे तेव्हा पुष्कळांना विक्षिप्तपणाचे वाटले होते. पऱ्हाटीच्या बाबतीत तर ते केवळ तत्त्व राहत नाही, पदार्थाचा गुणधर्मच तसा आहे. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर असते. ट्रक वजनाने भरण्यापूर्वी आकाराने भरतो. ती लांब न्यायची तर आधी कुटून दाबावी लागते, आणि गोळी करून पन्नास-साठ किलोमीटर नेऊन कोराडीत जाळली तरी तिच्यातील उष्णतेपैकी पस्तीस-अडतीस टक्क्यांचीच वीज होते. लहान वीजकेंद्रात तर वीस-पंचवीसच टक्के हाती लागते. तीच पऱ्हाटी जेथे उष्णताच हवी आहे तेथे, चांगल्या भट्टीत किंवा बॉयलरमध्ये जाळली, तर सत्तर-ऐंशी टक्के उष्णता कामी येते. म्हणून पहिला नियम असा असावा की, गावाच्या आणि तालुक्याच्या उष्णतेची गरज भागल्याशिवाय पऱ्हाटीची वीज करू नये.

अशी गरज काय थोडी आहे? गोंदिया-भंडाऱ्यातील उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या आपलाच कोंडा जाळून धान उकडतात, हे चांगले उदाहरण समोर आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत वाफेसाठी कोळसा आणि तेल जाळणारे बॉयलर आहेत. वीटभट्ट्या आहेत. नागपूरच्या दहनघाटांवर लाकडाऐवजी शेतातील अवशेषांच्या दाबलेल्या विटा, ज्यांना तिथे ‘मोक्षकाष्ठ’ म्हणतात, वापरण्याचा उपक्रम बरीच वर्षे चालला आहे. एका चितेला लागणारे तीन-चारशे किलो लाकूड त्यामुळे वाचते. आपल्यातील काहींना हा विषय अमंगळ वाटेल, पण झाडे वाचविण्याचा एवढा सोपा मार्ग दुसरा नाही. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपुरातील जिनिंग प्रशिक्षण केंद्राने पऱ्हाटीपासून दाबीव फळ्या, विटा आणि गोळ्या करण्याच्या पद्धती केव्हाच बसवून दिल्या आहेत. म्हणजे शास्त्र नागपुरातच उपलब्ध आहे.

आणि चूल? १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली गुंडाळला गेला. वाटलेल्या चुलींचे आकडे मोठे होते, पण त्यांतल्या किती टिकल्या हे पुढे कोणी पाहिले नाही. याच शहरातल्या ‘नीरी’ने ‘नीरधूर’ नावाची अनेक प्रकारची जळणे चालणारी शेगडी काढली. मजूर वस्तीत ती किती ठिकाणी पोचली, याचा शोध आपल्या शाखांनीच घ्यावा. बाईच्या डोळ्यांतला धूर हा राजकारणाचा विषय आहे असे लोहिया संसदेत आणि बाहेरही सांगत होते, तेव्हा प्रतिष्ठित लोक हसत. आज ‘स्वच्छ उष्णता’ म्हणून परिषदा भरतात, आणि त्यांत चुलीला शेवटच्या सत्रात दहा मिनिटे मिळतात. दाबलेली गोळी चांगल्या शेगडीत उघड्या पऱ्हाटीपेक्षा कितीतरी कमी धूर करते. मग पहिली गोळी कोराडीच्या बॉयलरमध्ये का जावी? ती उपटणाऱ्या बाईच्या घरी जावी, आणि उरली तर बाहेर.

गोळ्या करणार कोण, हा कळीचा मुद्दा. विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग आहेत. त्यांत सहकारी संस्थांच्या कित्येक जिनिंग कुलपात पडल्या आहेत. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली सुरू झाली तेव्हा याच आवारांत गाड्यांच्या रांगा लागत. शेड आहे, वजनकाटा आहे, विजेची जोडणी होती, जागा मोकळी आहे आणि वापरातल्या जिनिंगचा हंगामही उन्हाळ्याच्या तोंडी संपतो, म्हणजे पऱ्हाटी येण्याच्या सुमारास. कापूस याच आवारात येतो, त्याची काडीही इथेच यावी. शेतकरी आणि मजूर दोघेही सभासद असलेली सहकारी संस्था कुटाई आणि गोळ्यांचे यंत्र चालवू शकते. सहकाराची विदर्भात काय गत झाली हे आम्ही जाणतो, आणि साखर कारखान्यांच्या चिपाडावरील विजेचे पैसे पश्चिम महाराष्ट्रात कोणाच्या घरात गेले हेही जाणतो. तरी खाजगी ठेकेदाराच्या गोळीयंत्रापेक्षा भांडून ताब्यात घेता येईल अशी संस्था बरी. महाजनकोला गोळ्या हव्याच असतील तर तिने या संस्थांकडून, जाहीर किमान दराने, उरलेला माल घ्यावा. दिल्लीने ठरविलेली टक्केवारी भरत नसेल तर टक्केवारी बदलावी.

मजुराचा वाटा लेखी झाल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही. पऱ्हाटी उपटणीचा दर रोकडीत ठरावा आणि त्याशिवाय सरपणापुरती पऱ्हाटी, कुटुंबामागे निदान दोन टन, गावातच राहावी, असा ठराव ग्रामसभेने केला पाहिजे. ज्यांच्या शेतातून पऱ्हाटी बाहेर जाईल, त्यांच्याशी होणारा व्यवहारही ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदला गेला पाहिजे, म्हणजे गोळीवाल्याचा दलाल प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा भाव सांगू शकणार नाही. जेथे शेतकरी आणि मजूर यांच्यात उपटणीवरून ताण आहे, तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी दोघांना एकत्र बसवावे. ठराव नंतर मांडावा. पऱ्हाटी जानेवारीत निघू लागते आणि प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभाही त्याच महिन्यात असते. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड या तालुक्यांतील शाखांनी त्यापूर्वी आपापल्या गावांत किती घरे पऱ्हाटीवर स्वयंपाक करतात, उपटणीचा मोबदला कसा दिला जातो आणि गोळ्यांसाठी कोण खरेदी करीत आहे, याची मोजणी करून ती जिल्हा कचेरीकडे पाठवावी. मोजणीच्या वेळी सात-बारावाल्यांच्या ओट्यावर न थांबता वस्तीत जावे आणि घरातल्या बाईला विचारावे. सरपण कोठून येते, हे तिलाच ठाऊक असते.